सावलीत उगवणारं वाळवंट

हॉलिवूडच्या काउबॉयपटांनी एक झाड जगभर पोचवलं. लालसर टेकड्या, रखरखीत माळ आणि मधोमध हात वर करून उभा असलेला उंच काटेरी खांब. हे झाड म्हणजे सग्वारो. ज्यांनी अमेरिकेतलं वाळवंट कधी पाहिलं नाही, त्यांच्याही डोळ्यांपुढे वाळवंट म्हटलं की हीच आकृती उभी राहते, आणि तिच्याबरोबर एक समजूतही मनात घर करते की हे झाड कुणाच्याही आधाराशिवाय, भर उन्हात, स्वतःच्या बळावर वाढलं असणार. ते तसं वाढलेलं नसतं. आज एकटा दिसणारा जवळजवळ प्रत्येक सग्वारो लहानपणी कुणाच्या तरी सावलीत होता. झाडाच्या, झुडपाच्या, निदान एखाद्या दगडाच्या. सावली देणारं झाड मधल्या काळात मरून गेलं, म्हणून तो आज एकटा दिसतो.

हे पुस्तक त्या लहानपणाबद्दल आहे. पूर्ण वाढलेला सग्वारो बारा-पंधरा मीटर उंच होतो, अंगात पाणी भरलं की त्याचं वजन टनांत मोजावं लागतं, आणि तो दीडशे ते दोनशे वर्षं जगतो. पण आयुष्याची पहिली आठ वर्षं संपतात तेव्हा त्याची उंची असते अडीच ते चार सेंटिमीटर. पर्यटक ज्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढतात, त्याची पुढची पिढी त्यांच्या बुटांपासून दोन पावलांवर, काटेरी झुडपाच्या बुंध्याशी, खड्यांच्या गर्दीत बसलेली असते आणि कुणाच्या नजरेस पडत नाही. पुढच्या प्रकरणांत मी अनेक वाटांनी एकच गोष्ट सांगणार आहे. कॅक्टसचं वाळवंट सावलीत जन्मतं, आणि ते टिकावं असं ज्याला वाटतं त्यानं मोठ्या झाडांइतकीच, किंबहुना त्यांच्याहून जास्त, काळजी या सावलीची घ्यायला हवी.

कॅक्टसचं रोप ही कल्पनाच मराठी वाचकाला थोडी अनोळखी वाटेल, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे गावकुसावर, शेताच्या बांधावर फड्या निवडुंग पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो कसा पसरतो हे आपण पाहिलेलं असतं. एखादं फडं तुटून पडतं, त्याला मुळं फुटतात आणि नवं झुडूप उभं राहतं. बी, अंकुर, रोप या पायऱ्या आपल्या पाहण्यातच येत नाहीत. शिवाय फड्या निवडुंग इथला नव्हे. कॅक्टसचं कुळ मूळचं अमेरिका खंडांचं. ऱ्हिप्सालिसची एकच जात तेवढी आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि श्रीलंकेत निसर्गतः आढळते. आपल्या डोंगरकड्यांवरचे धारदार कोनांचे निवडुंग दिसायला कॅक्टससारखे असले, तरी ते एरंडाच्या कुळातले आहेत आणि त्यांच्या अंगात पांढरा चीक असतो. फड्या निवडुंगासारखं सग्वारोचं नाही. त्याचा तुटलेला हात मातीत पडून नवा सग्वारो होत नाही. त्याला बियांखेरीज दुसरा मार्ग नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत रोप समजून घेतल्याशिवाय झाड समजत नाही.

ही भूमी कोणती, ते आधी सांगायला हवं. सोनोरन वाळवंट अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या दक्षिण भागात, कॅलिफोर्नियाच्या एका कोपऱ्यात आणि मेक्सिकोच्या सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया भागांत पसरलेलं आहे. क्षेत्रफळ सुमारे २,६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडं कमी. ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशाची सरासरीही त्याहून जास्त आहे. पण टूसॉनचा हा पाऊस दोन हप्त्यांत येतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये ढगांच्या गडगडाटासह कोसळणारा, आणि हिवाळ्यात पॅसिफिक महासागरावरून येणारा संथ, लांबट. उन्हाळी पावसाला तिथेही मान्सूनच म्हणतात, आणि २४ जूनला, संत जॉनच्या सणाला, तो सुरू व्हावा अशी टूसॉनच्या जुन्या वस्तीची परंपरेनं चालत आलेली अपेक्षा असते. या दोन पावसांमुळेच हे वाळवंट उजाड वाळूचं नाही. ते झाडाझुडपांचं आहे, आणि रोपांची सगळी कथा या झाडाझुडपांमुळे घडते.

सग्वारोला साधारण पस्तिसाव्या वर्षी पहिली फुलं येतात. पांढरं, मेणचट पाकळ्यांचं फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात मेक्सिकोतून वर आलेली, लांब नाकाची, मकरंद पिणारी वटवाघळं रात्री येऊन जातात. सकाळी मधमाश्या आणि पांढऱ्या पंखांचे होले येतात. या वटवाघळांना अमेरिकेनं १९८८ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं होतं. त्यांची संख्या सावरली म्हणून २०१८ मध्ये ती यादीतून बाहेर काढली गेली. संरक्षणाच्या कामात अशी बातमी क्वचित लिहायला मिळते, म्हणून ती इथे आवर्जून नोंदवतो.

फळं पिकतात जूनमध्ये. तिथला जून म्हणजे वर्षातला सगळ्यात कोरडा, सगळ्यात जीवघेणा काळ. पक्षी, कोयोटी, उंदीर, मुंग्या, सगळ्यांना त्या वेळी अन्नही हवं असतं आणि पाणीही, आणि दोन्ही एकाच लाल गरात मिळतं. माणसांनाही मिळतं. तोहोनो ओओदम लोक शतकानुशतकं याच वेळी फळं काढायला बाहेर पडतात. मेलेल्या सग्वारोच्या आतल्या लाकडी फासळ्या जोडून केलेली लांब काठी घेऊन ते उंचावरची फळं खाली पाडतात. गर काढून घेतल्यावर फळाची साल, तिची लाल बाजू आकाशाकडे ठेवून, जमिनीवर ठेवायची आणि पाऊस मागायचा, अशी त्यांची रीत आहे. गराच्या पाकाची दारू करून ती सर्वांनी मिळून प्यायचा विधी पावसाला बोलावण्यासाठीच असतो, आणि त्यांचं नवं वर्षही याच सुमारास सुरू होतं. सग्वारोला ते माणूस मानतात. वनस्पतिशास्त्र वाचून नंतर या रीतीकडे पाहिलं की त्या लोकांच्या निरीक्षणाबद्दलचा आदर दुणावतो. फळ, बी आणि पहिला पाऊस यांच्यातलं अंतर काही आठवड्यांचंच आहे, आणि ते अंतर त्यांनी आपल्या कालगणनेच्या मुळाशी ठेवलं आहे.

एका फळात दोन हजारांपर्यंत बिया असतात. काळ्या, चकचकीत, जेमतेम दोन मिलिमीटरच्या. एक झाड आयुष्यभरात सुमारे चार कोटी बिया तयार करतं असा अंदाज मांडला जातो. या चार कोटींतून एक झाड मोठं झालं, तरी सग्वारोंची संख्या आहे तेवढी राहते. बाकीच्यांचं काय होतं?

बहुतेक खाल्ल्या जातात. होल्यांच्या पोटातल्या पेषणीत बिया भरडल्या जातात, त्यामुळे फळांवर तुटून पडणारा हा पक्षी परागणाला जितका उपयोगी, तितकाच बियांना घातक. वटवाघळांच्या आणि कोयोटीच्या विष्ठेतून मात्र बी सुखरूप बाहेर पडतं. मुंग्या पडलेल्या बिया उचलून वारुळात नेतात. दुसरा एखादा पक्षी फळ खाऊन जवळच्या झाडाच्या फांदीवर बसतो आणि त्याच्या विष्ठेतलं बी त्या झाडाखालीच पडतं. बिया सावलीत पोचण्याचं हे एक महत्त्वाचं कारण. यानंतर पाऊस वेळेवर यावा लागतो, आणि एक सर पुरत नाही. माती काही दिवस ओली राहिली तरच बी रुजतं. जे बी त्या उन्हाळ्यात रुजलं नाही, ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बहुधा टिकत नाही. आपल्याकडे माळावर गवताचं बी वर्षानुवर्षं मातीत दबून राहतं आणि पहिल्या पावसात उठतं. सग्वारोजवळ अशी साठवण नाही. प्रत्येक वर्षाचा डाव नवा.

आता रोपाकडे येऊ. अंकुर फुटल्यावर आधी दिसतात दोन जाडसर, हिरवी, मांसल बीजपत्रं. पुढे त्यांच्या मधून एक गोल ठिपका वर येतो आणि त्यावर पहिले मऊ काटे उमटतात. वर्षअखेरीस ते सगळं मिळून काही मिलिमीटरचं असतं. कॅक्टस या वनस्पतीबद्दल आपण पाठ्यपुस्तकात जे शिकतो ते सगळं तत्त्वतः या रोपातही आहे: मांसल खोड, मेणचट त्वचा, पानांऐवजी काटे. पण कॅक्टसची ताकद पाणी साठवण्यात असते, आणि साठवण हा आकारमानाचा प्रश्न आहे. वस्तू लहान होत जाते तसं तिच्या आतल्या जागेच्या मानानं तिचं बाहेरचं पृष्ठ वाढत जातं. पाच मिलिमीटरच्या गोळ्याला त्याच्या आकारमानाच्या हिशेबात अर्ध्या मीटरच्या गोळ्यापेक्षा शंभर पट जास्त पृष्ठ असतं, आणि पाणी पृष्ठावरूनच उडतं. ओलं लुगडं घडी करून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत ओलं राहतं आणि दोरीवर पसरलं तर तासाभरात वाळतं, तोच हा न्याय. मोठ्या सग्वारोच्या अंगावरचे कंगोरे पावसानंतर फुगतात आणि दुष्काळात आत ओढले जातात. एफी स्पाल्डिंग या बाईंनी १९०५ मध्येच ही हालचाल मोजून प्रसिद्ध केली होती. इतकं पाणी पोटात घेऊन तो पावसाशिवाय कितीतरी महिने काढू शकतो. रोपाला असे दिवस काढण्याची सोयच नाही. दुष्काळाशी झुंजण्याचं जे शस्त्र म्हणून कॅक्टस ओळखला जातो, ते त्याच्या हाती यायला दहा-वीस वर्षं लागतात.

उष्णतेचंही तसंच. तिथे उन्हाळ्यात हवेचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं, पण रोप हवेत राहत नाही. ते जमिनीच्या पृष्ठाला चिकटून राहतं, आणि उघड्या जमिनीचं पृष्ठ दुपारी ६० ते ७० अंशांपर्यंत तापतं. मोठ्या झाडाचा शेंडा त्या भट्टीपासून कित्येक मीटर वर असतो. रोपाचा शेंडा तिच्यातच असतो. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन आपली ऊब वर फेकून देते आणि थंडीचा मारही त्याच थरात सगळ्यात जास्त बसतो. सग्वारोचा प्रदेश उत्तरेला आणि डोंगरांवर नेमका कुठे संपतो हे मुख्यतः थंडी ठरवते. तासन्‌तास गोठणबिंदूच्या खाली राहिलेली रात्र, आणि तिच्यामागून न वितळणारा दिवस, त्याला सोसत नाही. जानेवारी १९३७ आणि जानेवारी १९७१ च्या थंडीनं तर मोठी झाडंही मारली.

आणि मग भूक. कोरड्या महिन्यांत हिरवा, पाणीदार, अजून नीट काटे न फुटलेला ठिपका सापडला तर कोणता उंदीर तो सोडेल? पॅकरॅट, खारी, ससे, अळ्या, भुंगेरे, सगळे रोपं खातात. वॉरन स्टीनबर्ग आणि चार्ल्स लोव्ह या दोघा अभ्यासकांनी १९६० आणि ७० च्या दशकांत टूसॉनजवळच्या संरक्षित क्षेत्रात सग्वारोच्या पहिल्या काही वर्षांचा बारकाईनं माग काढला. रोपं कशानं मरतात याची जी चोख मांडणी आज आपल्यापुढे आहे, तिचा पाया त्यांनी घातला. त्यांचं काम वाचताना मला सतत जाणवतं की हे सगळं जमिनीशी वाकून, झुडपांखाली डोकं घालून केलेलं संशोधन आहे. काही मिलिमीटरचं रोप दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेनं सापडत नाही.

एवढ्या मारातून जे वाचतात ते सावलीमुळे. पालो व्हेर्दे हे हिरव्या सालीचं बारीक पानांचं झाड, आयर्नवुड, मेस्कीट, आणि जमिनीलगत पसरणारं बर्सेजचं झुडूप हे सग्वारोचे मुख्य आश्रयदाते आहेत. मेस्कीट हे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं भावंड. शास्त्रज्ञ या आश्रयदात्यांना नर्स प्लांट म्हणतात. या पुस्तकात मी त्यांना दाईझाड म्हटलं आहे. रेमंड टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सग्वारोची रोपं काही उघड्यावर आणि काही सावलीत लावली होती. उघड्यावरची सगळी मेली. सावलीतल्यांपैकी काही तगली. इतका निःसंदिग्ध निकाल निसर्गातल्या प्रयोगांत सहसा हाती लागत नाही.

सावली म्हणजे फक्त ऊन अडवणं नव्हे. पार्क नोबेल यांच्या मोजमापांनी दाखवलं की दाईझाडाखाली उन्हाळ्याची दुपार थंड असते आणि हिवाळ्याची रात्र उबदार, कारण डोक्यावरच्या फांद्या जमिनीची ऊब आकाशात निसटू देत नाहीत. नोबेल आणि ऑगस्तो फ्रँको यांनी १९८९ मध्ये आणखी एक हिशेब मांडला. दाईझाडाखालच्या मातीत नायट्रोजन जास्त असतो, पण तिथे प्रकाश कमी पडतो आणि पाण्यात वाटेकरी असतो, त्यामुळे रोपाची वाढ मंदावते. म्हणजे रोप सावलीत जगतं, पण सावकाश वाढतं. आठ वर्षांत चार सेंटिमीटर या आकड्यामागे या मुक्कामाची किंमतही आहे. झाड नसेल तिथे दगड हे काम करतो. दगडाच्या आडोशाला, त्याच्या कडेनं ओघळून आलेल्या ओलीवर वाढणारी रोपं खडकाळ उतारांवर दिसतात. चोया या कॅक्टसचे गळून पडलेले काटेरी तुकडेही लहान रोपांभोवती कुंपण होतात आणि उंदरांना लांब ठेवतात.

ही केवळ सग्वारोची गोष्ट नाही. मेक्सिकोच्या तेवाकान खोऱ्यात खांबासारख्या एका उंच कॅक्टसची रोपं मिमोसाच्या एका झुडपाखालीच सापडतात. हे मिमोसा आपल्या लाजाळूच्या प्रजातीतलंच. आल्फोन्सो वालिएन्ते-बानुएत आणि एक्सेकिएल एस्कुर्रा यांनी तिथे कृत्रिम सावली करून रोपं वाढवून पाहिली, आणि सावली एवढं एकच कारण या सोबतीला पुरेसं आहे असं १९९१ मध्ये दाखवून दिलं.

या नात्याचा उत्तरार्ध मात्र कठोर आहे, आणि तो गाळून सांगितलेली दाईझाडाची गोष्ट मला मान्य नाही. सग्वारोची मुळं उथळ असतात आणि लांबवर पसरतात. पावसाचं पाणी मातीत खोल जाण्याआधीच ती ते उचलतात. पालो व्हेर्देची मुळं खालचं पाणी शोधतात. सग्वारो लहान असेपर्यंत दोघांचं जमतं. तो मोठा झाला की खालपर्यंत पाणीच पोचत नाही. जोसेफ मॅकऑलिफ यांनी १९८४ मध्ये लिहिलं की ज्यांच्या पोटाशी सग्वारो वाढले आहेत अशा पालो व्हेर्देंमध्ये मरणारे जास्त दिसतात. म्हणून शेवटी माळावर सग्वारो एकटा उरतो. त्याच्या त्या प्रसिद्ध एकटेपणामागे मेलेलं दाईझाड असतं, आणि पुढच्या पिढीसाठी नवं दाईझाड दुसरीकडे कुठेतरी उगवावं लागतं. पालो व्हेर्देची रोपंही उंदीर-सशांच्या तोंडातून वाचून मोठी व्हावी लागतात. सग्वारोचं भवितव्य असं दोन वेगळ्या झाडांच्या रोपांवर अवलंबून आहे.

इतक्या संथ जिवाबद्दल माणसानं निष्कर्ष काढायचा तर किती काळ पाहत राहावं? याचं उत्तर टूसॉनच्या टुमामॉक टेकडीवर मिळतं. कार्नेगी संस्थेनं तिथे १९०३ मध्ये वाळवंटाची प्रयोगशाळा उघडली. सग्वारोच्या शास्त्रीय नावातलं कार्नेजिया हे नाव अँड्र्यू कार्नेगी यांच्यावरूनच, १९०८ मध्ये ब्रिटन आणि रोझ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिलेलं. एफी यांचे पती व्होल्नी स्पाल्डिंग यांनी १९०६ मध्ये टेकडीवर झाडांच्या मोजणीसाठी कायमचे चौकोन आखले. फॉरेस्ट श्रीव्ह १९०८ मध्ये आले आणि दोन वर्षांतच त्यांनी एक अस्वस्थ करणारा निबंध लिहिला: टेकडीवर मोठे सग्वारो पुष्कळ आहेत, पण लहान फार थोडे. या गतीनं जुन्यांची जागा नवे घेऊ शकणार नाहीत. श्रीव्ह १९५० मध्ये वारले. त्यांच्यानंतर इतरांनी त्याच टेकडीवर त्याच झाडांची मोजणी पुढे चालू ठेवली, आणि एलिझाबेथ पियरसन व रेमंड टर्नर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या. दिसलं असं की रोपं दर वर्षी थोडी थोडी येत नाहीत. ती लाटांनी येतात. काही दशकं जवळजवळ रिकामी जातात आणि मग अनुकूल वर्षांचा एखादा गट खूप रोपं तगवतो. श्रीव्ह यांनी पाहिलं ते खरंच होतं. ते एका ओहोटीच्या काळात उभे होते.

या लाटा कशानं उठतात यावर पुष्कळ काम झालं आहे. त्यातलं एक मला विशेष विचार करायला लावतं. टॅली ड्रेझनर आणि रॉबर्ट बॉलिंग यांनी २००८ मध्ये असं सुचवलं की १८८३ च्या क्राकाटोआ ज्वालामुखीच्या स्फोटानंतर जगाच्या हवामानात जो पालट झाला, त्यातून सोनोरन वाळवंटात उन्हाळे सौम्य झाले आणि सग्वारोंची एक मोठी पिढी तगली. तसं असेल तर इंडोनेशियातल्या एका बेटाची राख आजच्या सुमारे एकशेचाळीस वर्षांच्या झाडांच्या गर्दीमागे आहे.

टूसॉनच्या पूर्वेला रिंकन पर्वताच्या पायथ्याशी असलेलं कॅक्टस फॉरेस्ट हे या पुस्तकाचं मध्यवर्ती ठिकाण आहे. तिथल्या राक्षसी सग्वारोंची दाटी पाहून ॲरिझोना विद्यापीठाचे अध्यक्ष होमर शँट्झ यांनी ती जागा वाचवण्याचा ध्यास घेतला आणि १९३३ मध्ये ती राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. १९९४ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्या काळच्या छायाचित्रांत प्रचंड झाडं आहेत आणि त्यांच्या पायाशी जमीन उघडी आहे. मोठी झाडं एकामागून एक सडून कोसळू लागली तेव्हा रोगाची भीती पसरली. १९४० च्या सुमारास रोगट झाडं कापून पुरण्यात आली. पुढे कळलं की सड हा बहुतेक वेळा शेवटचा घाव होता आणि पहिला घाव थंडीचा. पण मरणारी म्हातारी झाडं हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता. त्यांची जागा घ्यायला तरुण झाडं का नव्हती? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या भागात चुन्याच्या भट्ट्या होत्या, आणि भट्ट्यांना लाकूड पालो व्हेर्दे आणि मेस्कीटचं. टूसॉनच्या घरांना चुना पुरवताना सग्वारोची दाईझाडं जळाली. जे उरलं ते गुरांनी तुडवलं. चराई १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं बंद झाली, १९७९ पर्यंत पूर्ण थांबली, झुडपं परतली, काही वर्षं पाऊसही बरा झाला, आणि ज्या जंगलाचं शतकअखेर नावही उरणार नाही असं बोललं जात होतं तिथे हजारो नवी रोपं उभी राहिली. औषधांनी आणि कुऱ्हाडीनं जे साधलं नव्हतं ते झुडपं परत आल्यावर साधलं. निसर्गसंरक्षणाच्या इतिहासात या घटनेला जेवढं महत्त्व मिळायला हवं तेवढं मिळालेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९९० च्या दशकापासून लांबलेल्या दुष्काळात नव्या रोपांचा ओघ पुन्हा आटला आहे. या वेळच्या ओहोटीत एक नवी गोष्ट आहे, आणि तिचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. आपल्याकडे ज्याला अंजन गवत म्हणतात, जे महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात आणि राजस्थानात उत्तम चारा म्हणून लावलं जातं, ज्याचे सुधारित वाण जोधपूरच्या काझरी संस्थेनं काढले, तेच गवत विसाव्या शतकात गुरांच्या चाऱ्यासाठी आणि धूप थांबवण्यासाठी ॲरिझोनात आणि सोनोरात नेलं गेलं. आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या कोरड्या मुलखात ते आपल्या जागी आहे. सोनोरन वाळवंटात झुडपांच्या मधली जमीन उघडी असते, म्हणून आग लागली तरी पसरत नाही. हे गवत ती उघडी जमीन भरून टाकतं, उन्हाळ्यात वाळतं आणि पेटतं. गवताचे गड्डे पुन्हा फुटतात. पालो व्हेर्दे आणि सग्वारो आगीची सवय नसलेली झाडं आहेत, ती फुटत नाहीत. रोपाला तर आगीची झळही पुरते. टूसॉनच्या टेकड्यांवर स्वयंसेवक कुदळी घेऊन हे गवत मुळासकट उपटत असतात. एका गवताबद्दल एकीकडे कृतज्ञता आणि दुसरीकडे धास्ती, दोन्ही रास्त असू शकतात, कारण वनस्पती कोणत्या मातीत उभी आहे यावर सगळं ठरतं.

दुसरा धोका हौसेचा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात कॅक्टसच्या तपासलेल्या जातींपैकी ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचं आढळलं, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांत वाळवंटातून उपटून नेलेल्या रोपांचा आणि बियांचा व्यापार आहे. २०२० मध्ये इटलीत पोलिसांनी चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरलेले हजाराहून अधिक कॅक्टस पकडले, आणि त्यातले शेकडो पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवण्यात आले. त्यातल्या कोपियापोआ या कॅक्टसची ती लहानशी दिसणारी गोल झाडं समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर कित्येक दशकं वाढलेली होती. आपल्याकडेही पुण्या-मुंबईत कॅक्टस जमवणाऱ्यांची हौस वाढते आहे. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलं रोपच घ्या. ज्याच्या मुळाशी मूळची माती आणि अंगावर उन्हाचे जुने डाग आहेत, असं देखणं, रापलेलं झाड कुठून आलं ते विकणाऱ्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते घेऊ नका.

या पुस्तकाची प्रकरणं रोपाच्या वयानुसार लावलेली आहेत: बी, पहिला पाऊस, पहिला हिवाळा, पहिली दहा वर्षं, आणि दाईझाडाच्या फांद्यांतून डोकं वर काढण्याचा काळ. छायाचित्रांत प्रत्येक रोपाशेजारी मोजपट्टी ठेवली आहे, कारण तिच्याशिवाय ते किती लहान आहे हे कागदावर कळत नाही. कुणाला कधी त्या भागात जाण्याचा योग आला तर एकच पथ्य पाळावं. वाटेवरून चालावं आणि झुडपाच्या सावलीत पाय ठेवू नये.

सग्वारो राष्ट्रीय उद्यानात १९९० पासून दर दहा वर्षांनी ठरलेल्या तुकड्यांत सग्वारोंची गणना होते, आणि तिचा मोठा भार स्वयंसेवक उचलतात. २०२० ची गणना झाली त्या वर्षी उन्हाळी पाऊस जवळजवळ आलाच नाही. पुढच्या वसंतात सग्वारोंनी शेंड्याखेरीज अंगाच्या बाजूंवरही फुलं धरली, आणि त्यामागून आलेला जुलै २०२१ टूसॉनच्या नोंदींतला सगळ्यात ओला महिना ठरला. त्या पावसात रुजलेली आणि त्यानंतरचे उन्हाळे सोसून उरलेली रोपं २०३० च्या गणनेच्या वेळी नऊ वर्षांची, चार-पाच सेंटिमीटरची असतील. मोजणाऱ्यांना ती पालो व्हेर्देखाली गुडघे टेकूनच शोधावी लागतील. त्यांना पहिली फुलं येतील २०५५ च्या सुमारास.